36 टनांचं वजन प्लास्टिकमध्ये कसं दाखवायचं: टी-55 च्या मॉडेलबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तामियाचं 1/35 प्रमाणातलं टी-55ए हे तुमचं पहिलं मोठं किट. दोन महिने खपून तुम्ही ते पूर्ण केलंत. जोडणी नीट झाली, रंगही सूचनापत्रात होता तोच दिला, तरी रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. पट्टे ताठ, हिरवा रंग सपाट, आणि गंज-चिखल चढवल्यावर तर तो जास्तच खोटा वाटायला लागला. आता तेच किट पुन्हा आणून 1971 च्या युद्धातला भारतीय रणगाडा करायचाय, शक्यतो अरुण खेत्रपालांचा. आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, घ्यावा का, हेही विचारलंय.

आधी खेत्रपालांचं बघू, कारण तिथे किटच बदलावं लागेल. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत ते लढले तो रणगाडा ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन होता, नाव ‘फामागुस्ता’. सेंच्युरियन आणि टी-55 यांच्यात एक स्क्रूसुद्धा सारखा नाही. तो करायचा असेल तर 20 पाउंडर तोफेचं सेंच्युरियन किट शोधा. एएफव्ही क्लबची 1/35 मधली सेंच्युरियन चांगली आहेत. एवढ्या माणसाचा रणगाडा करायचा तर तो चुकीच्या सांगाड्यावर करू नये, असं मला मनापासून वाटतं. खेत्रपालांचा जन्म पुण्यातला, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांना तो करावासा वाटतो, आणि बरेच जण हीच चूक करतात.

पण टी-55 सोडून देऊ नका. त्याच युद्धात जम्मूकडच्या छांबच्या आघाडीवर आपल्याकडे टी-54 आणि टी-55 होते, आणि समोर पाकिस्तानकडे टी-59. हा टी-59 म्हणजे टी-54ए ची चिनी आवृत्ती. दोन्हीकडचे रणगाडे लांबून अगदी सारखे दिसत. म्हणून आपल्या टी-55 च्या तोफेच्या नळीवर साधारण मध्यावर एक खोटं फुगीर नळकांडं बसवलेलं त्या वेळच्या फोटोंमध्ये दिसतं. तोफ झाडल्यावर नळीतला धूर ओढून घेणारा भाग असतो, त्याच्यासारखं ते दिसतं, पण काम फक्त ओळखीचं. खरा धूर काढणारा भाग टी-55 वर नळीच्या टोकाशीच असतो. तुमच्या मॉडेलवर हे एक नळकांडं बसलं, की जाणकार माणूस लांबून ओळखेल, हा 71 चा भारतीय रणगाडा. करायलाही सोपं: पातळ प्लास्टिक शीटची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळत जा, हवी ती जाडी आली की कडा पॉलिश पेपरने उतरत्या करा.

किट टी-55ए चं आहे, याचाही विचार करा. ए आवृत्तीत किरणोत्सारापासून बचावासाठी आतून अस्तर दिलं आणि हॅचभोवती, म्हणजे आत उतरायच्या झाकणांभोवती, उंच कॉलर आल्या. साध्या टी-55 वर त्या नसतात. उलट साध्या टी-55 च्या पुढच्या उतरत्या चिलखतावर मधोमध मशीनगनचं बारीकसं भोक असतं, ते ए वर नाही. तुम्ही ज्या फोटोवरून काम करणार त्यात काय दिसतं ते आधी ठरवा. कॉलर कापून घासणं आणि पिनव्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) एक भोक पाडणं, एवढंच ते काम आहे, एका संध्याकाळचं.

आता खरा मुद्दा. तुमचा रणगाडा खेळण्यासारखा का दिसतो, तर त्याला वजन नाही म्हणून. टी-55 चं वजन 36 टन. 1/35 म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही 35 ने भागायची; वजन 35 गुणिले 35 गुणिले 35 ने, म्हणजे 42,875 ने. उत्तर येतं साधारण 840 ग्रॅम. एवढासा, तोफेसकट 25 सेंटिमीटरच्या आसपासचा रणगाडा हातात घेतल्यावर पाऊण किलोहून जड लागायला हवा! तुमचं किट त्याच्या चौथाई वजनाचंही नसेल. डोळ्याला हे फसवाफसवीचं वजन दाखवायचं, हीच आपली कला. जोडणीपासून शेवटच्या धुळीपर्यंत प्रत्येक ठिकाणी हा एकच प्रश्न मी स्वतःला विचारतो: हे 36 टनांचं आहे असं वाटतंय का?

त्यातला सगळ्यात मोठा वाटा पट्ट्यांचा. टी-55 ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर, आणि ओढणारं दातेरी चाक मागे. वरचा पट्टा उचलून धरणाऱ्या छोट्या फिरक्या सेंच्युरियनला असतात, पॅटनला असतात, टी-55 ला नाहीत. त्यामुळे वरचा पट्टा स्वतःच्या वजनाने मधल्या चाकांवर येऊन टेकतो, आणि मागच्या दातेरी चाकाकडे जाताना त्याचा सुंदर झोळ पडतो. धुणं वाळत घातलेल्या दोरीसारखा. पोलादी कड्यांची सलग साखळी आहे ती, ताठ राहणं तिला शक्यच नाही. तुमच्या किटमधला रबरी पट्टा मात्र ताणला जातो आणि चाकांवरून तरंगत सरळ पुढे जातो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण मन लगेच म्हणतं, हे हलकं आहे.

उपाय असा. तामियाचा हा पट्टा प्लास्टिक सिमेंटने चिकटतो, त्याचा फायदा घ्या. पट्टा चढवल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या चाकाच्या माथ्यावर थेंबभर सिमेंट द्या, आणि पट्टा व मडगार्ड यांच्यामध्ये स्पंजचे तुकडे कोंबून रात्रभर ठेवा. सकाळी स्पंज काढा. दोन चाकांमध्ये झोळ हवा असेल तिथे हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या खालच्या धडाच्या, बाजूला भोक पाडून टाचणीचा तुकडा पट्ट्याच्या वरून आत खोचा. मडगार्डखाली तो दिसत नाही. झोळ किती? चाकांच्या मध्ये एखादा मिलिमीटर, मागे दातेरी चाकाजवळ तीन-चार. मॉडेलवरचे चार मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर चौदा सेंटिमीटर, तेवढं पुरे. याहून पुढे जायचं असेल तर एकेक कडी जोडून करायचे पट्टे वेगळे मिळतात. दोन्ही बाजूंचं मिळून दीडशेच्या वर कड्यांचं काम आहे. मी ते आनंदाने करतो, पण दुसऱ्याच मॉडेलसाठी ते तुम्हाला सुचवणार नाही.

पट्ट्याची खालची बाजूही तपासा. चाकांच्या दांड्या चिकटवताना मॉडेल काचेच्या तुकड्यावर ठेवा. दहाही चाकं काचेला टेकली पाहिजेत. एक चाक कागदाएवढं वर राहिलं तरी वजनाचा भास गेला. आणि हलच्या आत थोडं वजन घाला, म्हणजे हाताळतानाच मॉडेल वेगळं लागतं. शिशाचे छर्रे फेव्हिकॉलमध्ये बसवू नका: वर्षं गेली की शिसं त्या गोंदाबरोबर हळूहळू गंजतं, फुगतं आणि प्लास्टिकच्या भिंती उसवतं. हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी नट इपॉक्सीने चिकटवा.

दुसरी गोष्ट पत्र्यांची आणि ओतीव लोखंडाची. 1/35 मध्ये एक मिलिमीटर म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. किटमधल्या मडगार्डची कड मिलिमीटरभर जाड आहे, म्हणजे खऱ्यावर ती चिलखताएवढी झाली! खरं मडगार्ड साधा पत्रा असतो. जवान त्यावर चढतात, झाडं घासतात, तो वाकतो. खालच्या बाजूने ब्लेडने खरवडून फक्त कड पातळ करा, आणि एखादा कोपरा पक्कडीने जरासा वाकवा. याउलट बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरणारा भाग, ओतीव पोलादाचा आहे. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, भाकरीच्या पापुद्र्यासारखा खडबडीत असतो. पातळ केलेली पुट्टी जुन्या, केस कापलेल्या ब्रशने बुरुजावर ठोकत जा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकेच उतरवा. हल मात्र सपाट पोलादी पत्र्यांचा, वेल्डिंगने जोडलेला, तो गुळगुळीतच ठेवा. एकाच रंगाखाली पातळ पत्रा, जाड सपाट चिलखत आणि ओतीव घुमट असे तीन वेगळे पोत दिसायला लागले की अर्धं काम झालं.

हे डोळ्यात बसवायचं असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक अख्खा दिवस घालवा. 1994 मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय आपल्या इतकं जवळ असून अनेक मॉडेल करणाऱ्यांनी ते पाहिलेलं नसतं, याचं मला वाईट वाटतं. पॅटन, सेंच्युरियन यांच्या बाजूला उभं राहून पट्ट्याची एकेक कडी, बुरुजावरचे ओतकामाचे शिवण, वेल्डिंगच्या लाटा बघा. खाली वाकून चाकं बघा. एक मात्र लक्षात ठेवा. संग्रहालयातले, किंवा गावोगावी चौकात स्मारक म्हणून उभे असलेले रणगाडे आकारासाठी बघायचे, रंगासाठी नाही. त्यांना दर काही वर्षांनी चकचकीत ऑइल पेंटचा हात दिलेला असतो, रबरावरून, काचेवरून, सगळीकडून. तो रंग जपणुकीचा आहे, लढाईचा नव्हे.

आता एअरब्रश. घ्या, पण पट्टे आणि पोत यांच्यावर हात बसल्यानंतर. एअरब्रशने ताठ पट्टा काही खाली येणार नाही. घेतलात तर 0.3 मिलिमीटर नोझलचा, डबल-अ‍ॅक्शन (एकच बटण, दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग) घ्या आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. पुणे-मुंबईच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी नळीत जमतं आणि ऐन वेळी रंगावर थेंब थुंकतं. लॅकर रंग तर जुलैच्या दमट दिवशी फवारले की पांढुरके पडतात. मी जून ते सप्टेंबर फक्त जोडणी करतो, रंगकाम दसऱ्यानंतर. लॅकर वापरताना तोंडावर गाळणीचा मास्क आणि खिडकी उघडी, यात तडजोड नाही.

रंगाबद्दल तुमची चूक एकच आहे: तुम्ही खरा रंग दिलात. खऱ्या रणगाड्याचा डबा उघडून तोच रंग छोट्या मॉडेलला दिला तर तो काळपट आणि निर्जीव दिसतो. लांबून पाहिलेली वस्तू फिकट दिसते, डोंगर लांबून निळसर दिसतात तसं. आणि 1/35 चं मॉडेल हातभर अंतरावरून पाहणं म्हणजे खरा रणगाडा वीस-एक मीटरवरून पाहणं. म्हणून मूळ रंगात उजळ रंग मिसळायचा. भारतीय गर्द हिरव्यासाठी मी तामियाचा एक्सएफ-58 ऑलिव्ह ग्रीन घेतो, त्यात थोडा एक्सएफ-60 डार्क यलो. पांढरा घालू नका, हिरवा खडूसारखा होतो. रंग एकास एक किंवा किंचित जास्त थिनर, दाब 15 ते 20 पीएसआय. आधी काळसर राखाडी प्राइमर, मग मूळ हिरवा, पण चाकांच्या मागे, मडगार्डखाली, बुरुजाच्या पोटाखाली तो पूर्ण झाकू नका. नंतर आणखी उजळ केलेला तोच रंग फक्त आडव्या भागांवर: बुरुजाचा माथा, इंजिनावरची झाकणं, पेट्यांची तोंडं. उजेड वरून पडतो. खाली सावली गडद राहिली की वस्तू जमिनीवर बसलेली वाटते. हाही वजनाचाच भाग.

चाकांच्या कडेचं रबर काळं रंगवू नका, गडद राखाडी करा. ही छोटी गोष्ट आहे, पण शुद्ध काळा रंग सगळं मॉडेल खेळणं करून टाकतो.

मग वॉश, म्हणजे खाचांत सोडायचा पातळ गडद रंग. यासाठी परदेशी बाटल्यांची गरज नाही. कॅमलचे आर्टिस्ट ऑइल कलर, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, एवढं पुरतं. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर काढून ठेवा, जास्तीचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो, नाहीतर वॉश चिकट आणि चमकदार राहतो. मग तो टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून बारीक ब्रशने फक्त खाचा, बोल्ट, जोड यांना टेकवायचा, सगळीकडे फासायचा नाही. त्याआधी मॉडेलवर वार्निशचा पक्का थर हवा. माझ्या एका रणगाड्याची चाकांची दांडी याच चुकीने गेली: रंग न बसलेल्या जोडात टर्पेंटाइन शिरलं, ताणलेलं प्लास्टिक ठिसूळ झालं आणि दुसऱ्या दिवशी उचलताना चाकासकट दांडी तुटून हातात आली. तेव्हापासून हलच्या पोटालाही मी वार्निश देतो. आणि रंगाच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर या कामाला कधीच नको, ते प्लास्टिकच विरघळवतं.

आता गंज. तुमच्या फोटोत मडगार्डवरून नारिंगी ओघळ आहेत, बुरुजावर सगळीकडे रंग उडालाय. जरा हिशेब करा. पश्चिम आघाडीवरचं युद्ध 3 डिसेंबर 1971 ला सुरू झालं आणि 17 ला थांबलं. पंधरा दिवसांत चालू रेजिमेंटमधला, रोज हात फिरत असलेला रणगाडा असा गंजत नाही. जाड चिलखतावरचा रंग उडाला तरी खाली काळसर पोलाद दिसतं, नारिंगी नव्हे. ओरखडे तिथेच द्या जिथे बूट आणि हात रोज लागतात: हॅचच्या कडा, चढायची जागा, हत्यारांच्या पेट्यांची कुलपं. एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्यावर साडेतीन सेंटिमीटरचा पोपडा, म्हणून स्पंजने ठिपके उठवताना हात आखडता घ्या. पट्ट्यांना गडद तपकिरी-करडा द्या, आणि चाकं घासतात त्या जागांवर 6बी पेन्सिलची टोकं घासा; तिथलं पोलाद घासून लखलखतं. एक्झॉस्ट डाव्या मडगार्डवर मागच्या बाजूला आहे. तिथे काजळी भरपूर, मागे विरत जाणारी, कोळशाची बारीक पूड किंवा काळं पिगमेंट (रंगाची सुकी पावडर) वापरून. उजव्या मडगार्डवर इंधनाच्या चपट्या टाक्या आहेत, त्यांच्या झाकणांभोवती डिझेल सांडल्याचे दोन-तीन ओलसर, चमकदार डाग द्या. इंधन भरणाऱ्या जवानाचा घाईतला हात त्या डागात दिसतो.

धूळ आणि चिखल हे माझं आवडतं काम, आणि इथे मातीची जात चुकवू नका. बरेच जण आपल्या अंगणातली माती वाळवून लावतात. आपली काळी माती किंवा कोकणातली लाल माती छांबच्या रणगाड्यावर चालत नाही. तिथे मुनव्वर तवी नदीचा गोटाळ पात्राचा भाग आणि आजूबाजूला गाळाची माती, फिकट, राखाडीकडे झुकणारी तपकिरी. पिवळसर पिगमेंटमध्ये राखाडी मिसळून तो रंग मिळतो. गेरू चिमूटभरही जास्त पडला तर रणगाडा थेट रत्नागिरीला जातो. लावताना खालून वर जा: पट्टे आणि चाकांच्या आतल्या बाजूला दाट, हलच्या बाजूंवर मध्यम, बुरुजावर फक्त आडव्या जागी आणि कोपऱ्यांत. सुकी पावडर लावून ब्रशच्या टोकाने थिनर सोडायचं, ते केशाकर्षणाने पसरतं. वाळल्यावर हाताच्या बोटाने कडा पुसा. चाकांच्या मधल्या भागात चिखल अडकतो, बाहेरच्या कडेचा झडून जातो, हे लक्षात असू द्या. ट्रॅक्टरचं मागचं चाक शेतातून रस्त्यावर आल्यावर बघा, नेमकं तेच दिसेल.

आणि सगळ्यात शेवटी रणगाडा जमिनीवर बसवा. लाकडी पाटीवर फेव्हिकॉल, माती आणि थोडा कागदाचा लगदा असा थर द्या, आणि तो ओला असतानाच मॉडेल वरून दाबा, पट्ट्यांचे ठसे उमटेपर्यंत. मागे दोन-चार सेंटिमीटर आलेल्या मार्गाचे ठसेही सुट्या पट्ट्याच्या तुकड्याने उठवा. मॉडेल उचलून घ्या, थर वाळू द्या, आणि मग त्याच खाचांत परत चिकटवा. पट्टा मातीत दीड-दोन मिलिमीटर रुतलेला दिसला पाहिजे. हे झालं की पाटी डोळ्यांच्या पातळीवर धरून एका बाजूने फोटो काढून मला दाखवा, वरून काढलेला नको. पट्टा आणि जमीन यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसते का, ते मला आधी बघायचंय.